सहा वर्षांची उजळणी : ऑटोपायलटवर चाललेल्या आयुष्याचे एक प्रकरण

हे प्रकरण अ. यांच्या संमतीने लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय तसेच ठेवले आहेत. समुपदेशक म्हणून मला हे मांडावेसे वाटले, कारण माइंडफुलनेसबद्दल, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याच्या सरावाबद्दल, बोलताना लक्ष आणण्यावर भरभरून बोलले जाते आणि सोडून देण्यावर एखादे वाक्य. अ. यांच्या बाबतीत नुसते लक्ष आणून फारसे काही हलले नाही. हलले ते एक गोष्ट सोडल्यावर, आणि ती गोष्ट कोणती हे कळायलाच बराच काळ गेला.

पार्श्वभूमी

अ. ४६ वर्षांचे आहेत. एका मोठ्या कारखान्यात देखभालीचे नियोजन त्यांच्याकडे आहे. कोणते मशीन कधी बंद ठेवायचे, कोणता स्पेअर पार्ट किती आधी मागवायचा, कोणत्या शिफ्टला कोण असेल, हे सगळे त्यांच्या टेबलावरून जाते. घरी पत्नी आणि १४ वर्षांची मुलगी. पत्नीचीही नोकरी आहे. व्यसन नाही, डोक्यावर कर्ज नाही, घरात आदळआपट नाही. कामाच्या ठिकाणी त्यांच्या शब्दाला वजन आहे.

पहिल्या भेटीला ते तक्रार कागदावर लिहून घेऊन आले होते. गाडी चालवत घरी पोचतो, पण मधला रस्ता आठवत नाही. वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते. रविवार कुठे गेला ते कळत नाही. एवढे वाचून ते थांबले, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि मग मुलीची गोष्ट सांगितली.

रात्री जेवताना मुलगी म्हणाली होती, “बाबा, मी गाण्याचा क्लास सोडतेय.” ते म्हणाले, “छान, छान.” तीन आठवड्यांनी त्यांनी सहज विचारले, “क्लासची परीक्षा कधी आहे गं?” मुलगी काही न बोलता ताट उचलून आत गेली. काय झाले ते पत्नीने सांगितले. सात वर्षे ती त्या क्लासला जात होती.

“विसरलो असतो तर एक वेळ चाललं असतं,” अ. म्हणाले. “पण विसरायला आधी ऐकावं लागतं. मी ऐकलंच नव्हतं.”

अडचण नेमकी कुठे होती

रस्ता आठवत नाही याची त्यांना सर्वांत जास्त धास्ती होती. ती आधी दूर करावी लागली. शेकडो वेळा केलेली कृती मेंदू बेसल गँग्लिया या खोलवरच्या भागाकडे सोपवतो आणि मग ती करताना प्रत्येक टप्प्याचा विचार करावा लागत नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच लिहून ठेवले होते की रोजचे बारीकसारीक जितके सवयीच्या स्वाधीन करू, तितके मन वरच्या दर्जाच्या कामाला मोकळे होते. बुटाची नाडी बांधताना नाडीचा विचार करावा लागला असता तर माणूस घराबाहेरच पडला नसता. म्हणून ऑटोपायलट बंद करणे हे उद्दिष्ट कधीच नव्हते.

प्रश्न असा की सवयीमुळे मोकळे झालेले लक्ष जाते कुठे? मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० प्रौढांना दिवसभरात अवचित फोनवरून विचारले जाई : आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसे वाटते आहे? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामाखेरीज दुसरीकडे होते आणि तेव्हा लोक कमी आनंदी होते. मन सुखद विषयाकडे भटकले तरी समोरच्या कामात असण्यापेक्षा जास्त आनंद मिळत नव्हता. म्हणजे मन भटकणे ही अ. यांचीच खोड नव्हे. फरक एवढाच की त्यांचे मन भटकत नव्हते. ते रोज एकाच ठिकाणी जाऊन बसत होते. हे मात्र सुरुवातीला त्यांनाही ठाऊक नव्हते आणि मलाही. “कामाचे विचार असतात,” एवढेच ते सांगत.

सरावाआधीची तपासणी

‘यंत्रासारखे जगतोय’ या एका वाक्यामागे बऱ्याच गोष्टी दडलेल्या असू शकतात : नैराश्य, अपुरी झोप, थायरॉईडचा बिघाड, किंवा स्वतःपासून तुटल्यासारखे वाटण्याची, उपचारांची गरज असणारी अवस्था. म्हणून पहिला निर्णय असा झाला की डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोणताही सराव सुरू करायचा नाही. अ. यांना हा वेळेचा अपव्यय वाटला. तरी ते गेले.

रक्ताच्या तपासण्यांत काही निघाले नाही. नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत ० ते २७ गुण असतात आणि १० किंवा त्याहून जास्त आले की सहसा पुढची तपासणी करतात. अ. यांचे ७ आले, म्हणजे सौम्य लक्षणे. झोप कमी होती, साडेपाच तासांच्या आसपास. रात्री दोन-अडीचला जाग येई आणि मग डोळा लागत नसे. सध्या औषध नको, पण गुण वाढले तर पुन्हा यावे, असे डॉक्टरांनी सांगितले.

समोर असलेले पर्याय

अ. स्वतःच एक पर्याय घेऊन आले होते : दहा दिवसांचे निवासी मौन शिबिर. त्यांच्या एका सहकाऱ्याला त्याने खूप बरे वाटले होते. एकदाच जोर लावून प्रश्न निकालात काढायचा, हा त्यांचा कामातला स्वभाव इथेही दिसत होता. शिबिर नको असे माझे मत पडले. त्याला दोन कारणे होती. झोप आधीच तुटलेली असताना दिवसभर तास न् तास बसणे सगळ्यांना मानवत नाही; जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांच्या गटाने २०१७ मध्ये अनुभवी साधकांच्या मुलाखतींतून भीती, निद्रानाश, स्वतःपासून तुटल्याची भावना असे त्रासही नोंदवले आहेत. दुसरे कारण जास्त साधे होते. अकराव्या दिवशी ते त्याच गाडीत, त्याच रस्त्याने, त्याच टेबलाशी परतणार होते.

नोकरी बदलण्याचा पर्याय पत्नीने सुचवला. अ. यांना तो मान्य नव्हता आणि त्यांचे म्हणणे पटण्यासारखे होते : “नवीन जागी पहिले सहा महिने जागा असेन, मग तेच.” लांब रजा हाही तसाच निघाला.

उरला तो आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कार्यक्रम. जॉन काबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकालीन दुखण्याच्या रुग्णांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्याच्या धर्तीवरचा. आठवड्याला अडीच तासांचे एक सत्र, घरी रोज सुमारे ४५ मिनिटांचा सराव. त्याच्या मर्यादाही अ. यांच्यापुढे ठेवल्या. २०१४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या आढाव्यात ४७ चाचण्या आणि ३,५१५ सहभागी होते. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा थोडा उपयोग होतो याला मध्यम बळाचा पुरावा मिळाला. लक्ष आणि झोप सुधारते असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही आणि औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस ठरले नाही. अ. यांनी हे सगळे लिहून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे करून बघायला हरकत नाही.” इतक्या माफक अपेक्षेने सुरुवात झाली ते बरेच झाले.

पहिले पाच आठवडे

पहिल्या सत्रात एक मनुका बराच वेळ हातात धरून पाहायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग चावायचा असतो. अ. यांनी हा प्रयोग मन लावून केला. “चव कळली,” ते म्हणाले, “पण त्याचं पुढे काय करायचं?” प्रश्न रास्त होता.

घरी ते रोज पहाटे बॉडी स्कॅन करत : आडवे पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे लक्ष नेणे. त्यांनी त्याचा एक तक्ता बनवला. तारीख, मिनिटे, मन किती वेळा भटकले, शेरा. एकही दिवस चुकला नाही. पाचव्या आठवड्यात त्यांनी तो तक्ता माझ्यासमोर ठेवला. भटकण्याचा आकडा सरळ खाली येत होता.

मी विचारले, “काल रात्री जेवताना मुलगी काय म्हणाली?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माहीत नाही.”

या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय इथे आला. पहाटेची पाऊण तास शांतता उत्तम चालली होती. बाकीच्या दिवसाला तिचा स्पर्शही होत नव्हता. ध्यान हेही उरकायच्या यादीतले एक काम झाले होते आणि अ. ते इतर कामांइतकेच चोख उरकत होते. काबात-झिन ज्या सात वृत्ती सांगतात, त्यांत ‘धडपड न करणे’ आणि ‘सोडून देणे’ या दोन्ही आहेत. भटकण्याचे आकडे मोजणारा तक्ता या दोन्हींच्या नेमका विरुद्ध जात होता.

दोन मार्ग होते. उरलेले तीन आठवडे तसेच पूर्ण करायचे आणि सराव मुरू द्यायचा. कारण सवय लागायला वेळ लागतो हे खरेच. २१ दिवसांत सवय लागते असे अ. ऐकून होते, पण लंडनमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात हा काळ सरासरी ६६ दिवस आला आणि माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलला. दुसरा मार्ग म्हणजे लांब सराव कमी करून लक्ष दिवसाच्या मध्ये आणायचे. आम्ही दुसरा निवडला. पहाटेचा सराव पंधरा मिनिटांवर आणला आणि तक्ता बंद केला. तक्ता बंद करताना अ. जेवढे अस्वस्थ झाले, तेवढे मी त्यांना तोवर पाहिले नव्हते. ही खूण त्याच वेळी नोंदवून ठेवली.

दिवसाच्या सांध्यांवर

पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून आलेली एक साधी रीत आहे : ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ असे आधीच ठरवून ठेवले की नुसत्या संकल्पापेक्षा ते घडण्याची शक्यता वाढते. अ. यांनी दिवसातल्या तीन जागा, म्हणजे एक काम संपून दुसरे सुरू होण्याचे सांधे, ठरवल्या. घरापाशी गाडी बंद केली की किल्लीवरचा हात न काढता थांबायचे. फोन वाजला की दुसऱ्या रिंगपर्यंत थांबायचे. मुलगी बोलायला लागली की हातातली वस्तू खाली ठेवायची.

थांबल्यावर करायचे काय, तर माइंडफुलनेसवर आधारित मानसोपचारात शिकवला जाणारा तीन मिनिटांचा श्वासाचा विराम. आत्ता आत काय चालले आहे ते पाहायचे, मग लक्ष श्वासावर गोळा करायचे, मग ते सगळ्या शरीरावर पसरू द्यायचे. यातली पहिली पायरी इथे मोलाची ठरली.

दुसऱ्या आठवड्यात अ. आले ते जरा बावरलेले होते. आदल्या संध्याकाळी गाडी बंद केल्यावर ते थांबले होते. इंजिन गार होताना टकटक आवाज येत होता. उजवा हात किल्लीवर, डावा स्टिअरिंगवर, आणि डाव्या हाताची बोटे इतकी आवळलेली की नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. दात दातांवर घट्ट रोवलेले. आणि डोक्यात एक वाक्य स्पष्ट, जवळजवळ आवाजासकट, चालले होते : “मी तेव्हाच कळवलं होतं.”

“हे वाक्य रोज असतं,” ते म्हणाले. “आत्ता कळलं की रोज असतं.”

वाक्य कुठून आले

सहा वर्षांपूर्वी एका कॉम्प्रेसरचे बेअरिंग गेले आणि उत्पादन दीड दिवस बंद पडले. आढावा बैठकीत, पंधरा-वीस माणसांसमोर, तेव्हाच्या वरिष्ठांनी अ. यांना विचारले, “तुमच्या लक्षात कसं आलं नाही?” खरे तर कंपन वाढल्याचे अ. यांनी तीन आठवडे आधी ईमेलने कळवले होते. त्या क्षणी ते बोलले नाहीत. बैठक संपली, विषय संपला, वरिष्ठ पुढे दुसरीकडे गेले. कोणीही पुन्हा तो विषय काढला नाही. अ. यांनी मात्र तो एक दिवसही खाली ठेवला नव्हता. गाडी चालवताना, आंघोळ करताना, रात्री अडीचला, ते त्या बैठकीत पुन्हा बसत आणि या वेळी बोलत. नवीन कोणी काही विचारले तर उत्तर तयार असावे म्हणून आजच्या दिवसाचीही तशीच उजळणी करत. मुलगी क्लासबद्दल सांगत होती तेव्हा ते बहुधा तिथेच होते.

झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी मनाच्या दोन अवस्था सांगितल्या आहेत. एका अवस्थेत मन ‘आहे’ आणि ‘हवे’ यांतले अंतर मोजत ते मिटवायला धावते; दुसऱ्या अवस्थेत ते आहे त्याच्यासोबत राहते. मशीन दुरुस्त करायला पहिली अवस्था लागतेच. पण सहा वर्षांपूर्वीची बैठक दुरुस्त होत नाही, आणि अंतर मिटत नाही म्हणून मन पुन्हा पुन्हा धावते. अ. यांचा ऑटोपायलट या धावण्यासाठी जागा मोकळी करून देत होता. आळस किंवा बेपर्वाई यांचा त्याच्याशी संबंध नव्हता, आणि हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा निम्मा उतरला.

सोडायचे म्हणजे काय करायचे

अ. यांचा पहिला प्रयत्न अपेक्षेप्रमाणे हाकलण्याचा होता. वाक्य आले की ते ‘नको’ म्हणत. तीन दिवसांत ते दुप्पट जोराने यायला लागले. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये दाखवले होते की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या माणसांच्या मनात तेच अस्वल येत राहते, आणि मनाई उठल्यावर तर अधिकच. हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “मग धरायचंही नाही आणि ढकलायचंही नाही, तर करायचं काय?”

इथे आम्ही बरेच दिवस अडखळलो. उपयोगी पडले ते असे : वाक्य आले की मनात ‘उजळणी’ एवढे म्हणायचे आणि ते अर्धवट राहू द्यायचे. पूर्ण करायचे नाही, खोडायचेही नाही. “मी तेव्हाच…” इथे थांबायचे आणि आवळलेली बोटे सैल होतात का पाहायचे. बोटे सैल झाली नाहीत तरी चालेल. अपुरे वाक्य तसेच ठेवून गाडीतून उतरायचे.

अपुरे राहू देणे हे अ. यांच्यासारख्या चोख माणसाला किती जड जाते हे सांगून समजणार नाही. एकदा ते म्हणाले की छातीत काहीतरी सांडतेय असे वाटते. सोडण्यात हलके वाटते असे सगळे सांगतात. पण पुष्कळदा आधी धाकधूक होते आणि ती बराच काळ टिकते. हे आधी सांगून ठेवले नाही तर माणूस सराव चुकतोय असे समजून सोडून देतो.

तक्ता

मोजमापाचा तक्ता बंद करताना आलेली अस्वस्थता आता उलगडली. बोलता बोलता अ. यांनी सांगितले की दर शुक्रवारी संध्याकाळी ते दोन तास बसून एक साप्ताहिक अहवाल तयार करतात. कोणत्या मशीनबद्दल कोणाला, कधी, काय कळवले याची नोंद. तो कोणी मागितलेला नव्हता. तो त्या बैठकीच्या पुढच्या आठवड्यात सुरू झाला होता.

मनातली उजळणी आणि कागदावरचा अहवाल एकच काम करत होते : पुढच्या आरोपाविरुद्ध पुरावा गोळा करणे. आता दुसरा मोठा निर्णय समोर आला. अहवाल थांबवायचा का?

अ. यांचा आक्षेप खरा होता. “उद्या पुन्हा काही झालं तर माझ्याकडे काय असेल?” हा प्रश्न भीतीचा आहे म्हणून बाजूला सारणे चूक ठरले असते. देखभालीच्या कामात धोक्याची सूचना लेखी असलीच पाहिजे. आम्ही दोन भाग वेगळे केले. सूचनांची नोंद कारखान्याच्या संगणक प्रणालीत आपोआप होत होती. ती पुरेशी होती. अहवाल त्या नोंदीवर चढवलेला दुसरा थर होता. सहा वर्षे जुने प्रकरण औपचारिकपणे उकरून काढण्याचाही विचार झाला, पण त्या बैठकीतली बहुतेक माणसे आता तिथे नव्हती. निवाडा करणारेच कोणी उरले नव्हते.

गुपचूप बंद करण्यापेक्षा विचारून बंद करावा असे ठरले. ज्या तिघांना अहवाल जाई त्यांना अ. यांनी ईमेल केला : हा अहवाल पुढच्या आठवड्यापासून थांबवतोय, यातले काही आपल्याला लागते का? एकाने लिहिले की तो उघडत नाही. सध्याच्या वरिष्ठांनी लिहिले, “तुम्ही पाठवता म्हणून मी ठेवून देतो.” स्टोअरमधल्या एका तरुणाला मात्र एक रकाना रोज लागत होता, स्पेअर पार्ट येण्याच्या तारखांचा. तेवढा रकाना स्टोअरकडे गेला आणि तेच तो भरू लागले. बाकीचा अहवाल थांबला.

पहिल्या शुक्रवारी ते दोन तास रिकामे आले. ते काही न करता बसून राहिले. लॅपटॉपकडे हात दोनदा गेला. दुसऱ्यांदा तो अर्ध्यातच थांबला.

घरी काय झाले

त्याच संध्याकाळी त्यांनी पत्नीला बैठकीची गोष्ट सांगितली. सहा वर्षांत पहिल्यांदा. दिलासा मिळेल असे त्यांना वाटले होते. पत्नी चिडल्या. “मला इतकी वर्षं वाटायचं की तुला आमचा कंटाळा आलाय,” त्या म्हणाल्या. “मी काय काय समजत बसले.” पुढचे काही दिवस घरात शांतता होती, आणि ती चांगली शांतता नव्हती.

मग दुसरी अडचण आली. अ. आता घरात हजर होते आणि त्यांना सगळे दिसायला लागले होते. कपाट नीट लावलेले नाही, मुलगी उशिरा झोपते, अमुक गोष्ट अशी का करतात. सहा वर्षे घर पत्नीने एकटीने चालवले होते. त्या व्यवस्थेत नव्याने डोळे उघडलेल्या माणसाच्या सूचना त्यांना सोसवेनात. मुलीला अ. रोज तीन-तीन प्रश्न विचारू लागले. तिने एकदा विचारले, “बाबा, मुलाखत घेताय का?”

इथला निर्णय छोटा होता, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. लक्ष देणे म्हणजे चौकशी करणे नव्हे, हे अ. यांना वेगळे शिकावे लागले. एक महिनाभर घरात सूचना करायची नाही आणि मुलीला प्रश्न विचारायचा नाही. ती बोलली तर हातातले खाली ठेवून ऐकायचे. पहिला आठवडा ती काहीच बोलली नाही. सुधारणा करण्याचा आग्रह सोडणे हे बैठक सोडण्याइतकेच कठीण गेले, असे त्यांनी नंतर सांगितले.

शटडाउन

चौथ्या महिन्यात कारखान्याचा वार्षिक शटडाउन आला, म्हणजे उत्पादन थांबवून मोठी देखभाल करण्याचा काळ. बारा-बारा, चौदा-चौदा तास काम. पहाटेचा सराव गेला, गाडीतले थांबणे गेले आणि उजळणी परत आली. दहाव्या दिवशी अ. यांच्या लक्षात आले की आज सकाळी मुलगी काय बोलली ते आठवत नाही. त्यांनी त्या दिवशी एकच सांधा परत धरला, गाडीचा. बाकीचे शटडाउन संपल्यावर.

कडक शिस्तीने सगळा सराव लगेच सुरू करण्याचा पर्याय होता. तो घेतला असता तर चुकलेल्या दिवसांचा हिशेब सुरू झाला असता, आणि हिशेब कुठे नेतो हे एव्हाना आम्हा दोघांना माहीत होते.

निष्पत्ती

सहा महिन्यांनी पीएचक्यू-९चे गुण ४ आले. झोप सहा तासांच्या पुढे गेली आहे, पण आठवड्यातून एक-दोनदा अडीचला जाग येतेच. “मी तेव्हाच” हे वाक्य गेलेले नाही. दिवसातून काही वेळा येते आणि बहुधा अर्धवट राहते. रस्ता अजूनही बऱ्याचदा आठवत नाही आणि त्याची त्यांना आता काळजी वाटत नाही. शुक्रवारची संध्याकाळ मोकळी आहे.

पत्नीशी बोलणे वाढले आहे, आणि वादही. आधी वाद होत नव्हते कारण वाद घालायला समोर कोणी नसे, असे पत्नीचे म्हणणे. मुलगी क्लासला परत गेली नाही. तिने तो का सोडला हे तिने एका रात्री आपणहून सांगितले. काय सांगितले ते अ. यांनी मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.

काय वेगळे करता आले असते

पत्नीला पहिल्याच महिन्यात एका भेटीला बोलावता आले असते. घरातला एक माणूस बदलू लागला की बाकीच्यांनाही नवी घडी बसवावी लागते, आणि त्यांना त्याची आगाऊ कल्पना नसेल तर बदलाचा त्रासच आधी जाणवतो. बैठकीची गोष्ट तिघांच्या भेटीत निघाली असती, तर तो चिडीचा आठवडा कदाचित सौम्य गेला असता.

सरावाचा तक्ता दुसऱ्याच आठवड्यात दिसला असता, तर तीन आठवडे वाचले असते. सराव किती केला हे विचारण्यापेक्षा काल घरात कोण काय म्हणाले, हे दर भेटीला विचारणे चोख माणसांच्या बाबतीत जास्त उपयोगाचे.

लांब बॉडी स्कॅनने सुरुवात करावी का, याबद्दल माझे मत अजून पक्के नाही. त्या पाच आठवड्यांत बाकीच्या दिवसात काही बदलले नाही हे खरे. पण आवळलेली बोटे गाडीत ओळखू आली, ती शरीर वाचण्याची ओळख तिथेच झाली असणार. पुढच्या वेळी मी दोन्ही पहिल्या दिवसापासून एकत्र ठेवीन : पहाटे पंधरा मिनिटे आणि दिवसाचा एकच सांधा.

शटडाउनची तारीख वर्षभर आधी ठरलेली असते. अ. यांच्या नियोजनात ती होती, आमच्या नियोजनात नव्हती. पुढच्या शटडाउनच्या दोन आठवडे आधी एक भेट आता ठरवून ठेवली आहे आणि त्या काळात कोणता एक सांधा धरायचा तेही. अ. यांनी गाडीचा न घेता मुलीचा निवडला आहे.